मेजर टॉमस कँडी

आपल्या नावडे परिसरांतील पुष्कळ मुलें घरीं आगरी बोलतात, वर्गांत ग्रांथिक मराठी वाचतात आणि त्याच वेळीं इंग्रजी लिहावयास शिकतात. इंग्रजी शब्द अडला म्हणजे तीं कोश उघडतात. इंग्रजी शब्दाचा अर्थ मराठींत सांगणाऱ्या कोशांची परंपरा मागें मागें शोधीत गेल्यास 1847 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या ग्रंथापाशीं आपण येऊन थांबतों. तो पूर्ण करणारे गृहस्थ मेजर टॉमस कँडी. मोल्सवर्थ यांचें नांव अनेकांच्या ओठीं असतें. कँडी यांचें तितकें नसतें, आणि हें कांहीं न्याय्य नव्हे.

टॉमस कँडी यांचा जन्म 13 डिसेंबर 1804 रोजीं इंग्लंडांतील विल्टशर परगण्यांत ईस्ट नॉयल या गांवीं झाला. जॉर्ज नांवाचा त्यांस जुळा भाऊ होता. हे दोघे बंधु 1822 सालीं ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यांत चाकरी धरून हिंदुस्थानांत आले. जॉर्ज पुढें सैन्य सोडून धर्मोपदेशक झाले. टॉमस यांनीं लष्करी हुद्दा ठेवला, पण त्यांचें सारें आयुष्य गेलें तें तलवारीच्या संगतींत नव्हे, शब्दांच्या संगतींत.

त्या काळीं जेम्स टॉमस मोल्सवर्थ या दुसऱ्या एका लष्करी अंमलदारानें मराठी-इंग्रजी कोशाचें काम हातीं घेतलें होतें. त्यांच्या विद्वत्तेमुळें लोक त्यांस मोलेसरशास्त्री म्हणत. जगन्नाथशास्त्री क्रमवंत आदिकरून शास्त्रीमंडळी मराठी शब्द जमवून त्यांचे अर्थ मराठींतच लिहीत होती. त्यांच्या कोशाचा पहिला भाग 1829 सालीं निघाला. मोल्सवर्थ यांचा कोश 1831 सालीं बाहेर पडला. या कामीं कँडीबंधूंनीं मोल्सवर्थ यांस मदत केली. पंचविशीच्या आंतबाहेर असलेल्या टॉमसची खरी पाठशाळा हीच. त्यानंतर इंग्रजी-मराठी कोशाचा आरंभ झाला. पण मोल्सवर्थ यांची प्रकृति ढासळली व ते स्वदेशीं परतले. अर्धवट राहिलेलें काम कँडी यांच्या माथीं आलें. 1837 सालापासून पुण्याच्या संस्कृत पाठशाळेची देखरेखहि त्यांच्याकडे होती. ती संभाळून त्यांनीं हा कोश तडीस नेला.

मराठी-इंग्रजी कोश आणि इंग्रजी-मराठी कोश हीं एकाच कामाचीं दोन टोंकें आहेत असें वरवर पाहणाऱ्यास वाटतें. तसें नाहीं. याची प्रचीति पाहण्यासाठीं मोठे शब्द नकोत. फार, खूप, अति, पुरेसें, जेमतेम असे प्रमाण दाखविणारे शब्द घ्यावेत. इंग्रजी व्याकरणांत यांना परिमाणवाचक क्रियाविशेषणें म्हणतात, आणि उत्तरपत्रिकांत मुलें सर्वांत अधिक ठेंचाळतात तीं येथेंच.

हा चहा फार गरम आहे, असें आपण म्हणतों. याचा अर्थ चहा छान कढत आहे असाहि होईल, किंवा तो पिववत नाहीं असाहि होईल. कोणता अर्थ घ्यावयाचा तें बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून कळतें. इंग्रजीला चेहऱ्यावर विसंबणें मानवत नाहीं. पहिल्या अर्थीं ती ‘व्हेरी’ म्हणते. मर्यादा ओलांडली गेली असेल, म्हणजे दुसऱ्या अर्थीं, ‘टू’ म्हणते. आपल्या एका ‘फार’ ला तेथें दोन मापें आहेत. मुलगा ‘टू’ हें ‘व्हेरी’ चेंच भारदस्त रूप समजतो आणि आपल्या आईविषयीं लिहितो कीं ती ‘टू काइंड’ आहे. इंग्रज वाचकास वाटतें, हिच्या दयाळूपणाचा मुलास त्रास होत असावा! आभार मानतांना इंग्रज मनुष्य स्वतः असें म्हणतो, आणि ‘ओन्ली टू हॅपी’ असाहि एक शिष्ट प्रयोग आहे. पण ते संप्रदाय हाडीं मुरल्यावर वापरावयाचे.

आतां हाच प्रसंग कँडी यांच्या बाजूनें पाहा. त्यांच्या पुढ्यांत ‘टू’ हा शब्द आहे आणि तो मराठींत उतरावयाचा आहे. ‘फार’ म्हटलें तर अर्थ निसटतो. ‘अति’, ‘ज्यास्त’, ‘फाजील’ म्हटलें तर एके ठिकाणीं बसतो, दुसऱ्या ठिकाणीं बसत नाहीं. आपल्या खाडीचें पाणी पिण्याच्या दृष्टीनें प्रमाणाबाहेर खारट आहे, हें इंग्रज ‘टू सॉल्टी टू ड्रिंक’ एवढ्यांत सांगतो. मराठी माणूस सारें वाक्यच फिरवितो: पाणी इतकें खारट आहे कीं पिववत नाहीं. म्हणजे एका शब्दाला प्रतिशब्द एक शब्द नव्हे, तर वाक्याची एक घडण आहे. परक्या भाषेंत जन्मलेल्या माणसानें ही घडण ओळखावी, यासाठीं शास्त्र्यांच्या शेजारीं किती वर्षें बसावें लागलें असेल! आम्हीं मुलें उलट्या दिशेनें तोच घाट चढतात.

आणखी दोन शब्दांविषयीं येथेंच लिहितों, कारण पालकांनींहि तें वाचावें अशी इच्छा आहे. ‘इनफ’ हा शब्द विशेषणाच्या मागून येतो. पुरेसा उंच म्हणजे ‘टॉल इनफ’. मराठीचा क्रम ठेवून ‘इनफ टॉल’ म्हणतां येत नाहीं. नामापूर्वीं मात्र तो सुखानें बसतो: ‘इनफ वॉटर’. तसेंच ‘व्हेरी’ हा तुलनेच्या रूपास चालत नाहीं. तेथें ‘मच’ लागतो, ‘व्हेरी गुड’ पण ‘मच बेटर’. दुसरा शब्द ‘हार्डली’. कष्टानें या अर्थीं शब्द ‘हार्ड’. ‘हार्डली’ म्हणजे जेमतेम, जवळजवळ नाहींच. तळोज्याच्या एकाद्या कारखान्यांत नोकरीसाठीं अर्ज करणारा तरुण आपण वर्षभर ‘हार्डली’ काम केलें असें लिहील, तर त्याच्या श्रमांवर त्यानें स्वतःच्या हातानें पाणी सोडलें. शब्द लहान, पण पोटावर येणारा.

कँडी यांच्या चरित्राकडे वळूं. कोश छापून झाल्यावर त्यांनीं विश्रांति घेतली नाहीं. 1850 सालीं त्यांचें ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हें छोटें पुस्तक निघालें. इंग्रजींतील स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह इत्यादि खुणा मराठी लेखनांत रुळविण्याचें श्रेय मुख्यतः त्यांस देतात. ज्या खुणेनें मी हें वाक्य संपवीत आहें, तीहि त्यांतलीच. 1851 सालीं संस्कृत पाठशाळा व पुण्याची इंग्रजी शाळा एकत्र होऊन पूना कॉलेज झालें, त्याचे ते प्रमुख झाले. पुढें हेंच डेक्कन कॉलेज. शाळाखात्याचीं मराठी क्रमिक पुस्तकें सिद्ध करणें व तपासणें हें कामहि वर्षानुवर्षें त्यांच्याकडे राहिलें.

या अधिकारामुळें त्यांच्यावर टीकाहि झाली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं 1874 सालीं ‘निबंधमाला’ सुरू केली आणि तींत कँडी यांच्या हाताखालून गेलेल्या मराठीला इंग्रजी वळण लागलें असा आक्षेप तिखट शब्दांत घेतला. विष्णुशास्त्र्यांचे वडील कृष्णशास्त्री याच पुण्याच्या पाठशाळेंत शिकलेले, हें येथें लक्षांत घ्यावें. आक्षेप अगदींच निराधार होता असें मला वाटत नाहीं. शब्दाचें माप अचूक जाणणाऱ्यालाहि वाक्याचा झोंक साधतोच असें नाहीं, आणि परभाषेंत तर तो सर्वांत शेवटीं साधतो. तरी मराठीची शिस्त बसविण्यासाठीं कँडी यांनीं जे कष्ट उपसले, ते त्या वेळीं दुसऱ्या कोणीं इतक्या चिकाटीनें उपसले असते कीं नाहीं, याची शंका वाटते.

मोल्सवर्थ मध्यंतरीं पुन्हा हिंदुस्थानांत आले होते. त्यांच्या कोशाची सुमारें 60,000 शब्दांची दुसरी आवृत्ति 1857 सालीं निघाली, आणि आपल्या ख्रिस्ती समाजांतील ग्रंथकार बाबा पदमनजी यांनीं तिचा संक्षेप 1863 सालीं केला. कँडी यांनींहि आपला इंग्रजी-मराठी कोश पुन्हा हातीं घेतला व वाढविला. त्याची दुसरी आवृत्ति 1873 सालीं प्रसिद्ध झाली, तेव्हां त्यांचें वय 68 वर्षांचें होतें. 26 फेब्रुवारी 1877 रोजीं ते वारले. ‘निबंधमाला’ त्या वेळीं चालूच होती, आणि शाळाशाळांतून मुलें कँडी यांनीं तपासलेलीं पुस्तकें वाचीत होतीं.