आप्पासाहेब पटवर्धन

कोकणच्या भूमीने महाराष्ट्राला जी थोर माणसे दिली, त्यांत सीताराम पुरुषोत्तम ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धन यांची गणना होते. त्यांचा जन्म १८९४ साली रत्नागिरी जिल्ह्यातील एका ब्राह्मण कुटुंबात झाला. उच्च शिक्षण संपादन करूनही त्यांनी सुखाची वाट धरली नाही. महात्मा गांधींच्या विचारांचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला आणि त्यांनी आपले आयुष्य लोकसेवेला वाहिले.

१९३२ साली सविनय कायदेभंगाच्या काळात आप्पासाहेब रत्नागिरीच्या तुरुंगात होते. त्या वेळी तुरुंगातील मैला उचलण्याचे काम अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कैद्यांकडेच असे. उच्च मानलेल्या जातींच्या कैद्यांना ते देऊ नये, असा दंडक होता. त्यांचा धर्म बुडू नये, हा त्यामागील हेतू. वरवर पाहता यात धर्माचा मान राखला जात होता. परंतु एकाचा धर्म राखण्यासाठी दुसऱ्याच्या माथी जन्माची घाण मारली जात होती.

आप्पासाहेबांना हे रुचले नाही. सफाईचे काम आपणांस मिळावे, अशी त्यांनी मागणी केली. इतरांवर ते लादावे, असे त्यांचे म्हणणे नव्हते. माणसामाणसांत भेद न मानणे हाच त्यांचा धर्म होता व तो पाळण्याची मोकळीक त्यांना हवी होती. अधिकाऱ्यांनी नकार दिला. तेव्हा आप्पासाहेबांनी अन्न अगदी कमी केले व ते अर्धपोटी राहू लागले.

ही वार्ता येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींच्या कानी गेली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्यांनी अस्पृश्यांच्या प्रश्नावर प्राण पणाला लावून उपवास केला होता. तरीही ३ डिसेंबर रोजी आप्पासाहेबांना पाठिंबा म्हणून त्यांनी पुन्हा उपवास आरंभिला. सरकारने मागणीचा विचार करण्याचे आश्वासन देताच दुसऱ्या दिवशी तो सुटला आणि पुढे स्वेच्छेने हे काम मागणाऱ्यास ते करण्याची परवानगी मिळाली.

तुरुंगातून सुटल्यावरही आप्पासाहेबांचे व्रत सुटले नाही. त्यांनी कणकवलीजवळ गोपुरी आश्रम स्थापन केला. मेलेली जनावरे सोलणे, कातडे कमावणे ही हीन समजली जाणारी कामे ते स्वतः करीत. मैला हातांनी उचलावा लागू नये व त्याचे खत व्हावे, म्हणून त्यांनी सोपे संडास तयार केले. १९७१ साली त्यांचे निधन झाले. कोकणातील लोक त्यांना कोकणचे गांधी म्हणून गौरवितात.