वालचंद हिराचंद : घरची पेढी आणि स्वतःची वाट



माळशिरस तालुक्यातील वेळापूर हे गाव अर्धनारीनटेश्वराच्या प्राचीन मंदिरामुळे आणि आषाढी वारीच्या वाटेवरील पालखीच्या मुक्कामामुळे सर्वांच्या परिचयाचे आहे. तेथील एका कुटुंबास भेट देण्याचा योग आम्हांस नुकताच आला. वडिलांचे चांगले चालणारे दुकान. मुलगा बारावी झालेला. त्याने गल्ल्यावर बसावे ही वडिलांची इच्छा, तर मुलगा दिवसभर शेजाऱ्यांच्या विहिरीवरील मोटारी खोलून दुरुस्त करीत असतो. घरात त्यावरून अबोला धरला गेला होता. आमचे मत विचारण्यात आले, तेव्हा याच जिल्ह्यातील एका पुरुषाचे चरित्र आम्हांस आठवले. शेठ वालचंद हिराचंद आपल्या धर्माचे नव्हते. पण त्यांचे शिक्षण काही काळ मुंबईच्या येशूसंघीयांच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात झाले, एवढा धागा आपल्यालाही पुरेसा आहे.

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे एका जैन कुटुंबात झाला. दोशी घराण्याचा व्यवसाय सावकारीचा आणि कापसाच्या व्यापाराचा. पदवी न घेताच त्यांना शिक्षण सोडून घरच्या व्यापारात यावे लागले. पेढी चालती होती, पत होती, वडिलांचे नाव होते. दुसरा एखादा तरुण तेथे सुखाने आयुष्य काढता. वालचंद यांचे मन मात्र तेथे रमेना. घरच्या व्यवसायाला नाही म्हणणे हे त्या काळी, आणि खरे सांगायचे तर आजही, केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नसतो. त्यात वडिलांचा मान गुंतलेला असतो.

याच सुमारास त्यांची गाठ लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी पडली. फाटक हे रेल्वेतील कारकून. नोकरी सोडून ठेकेदारीकडे वळलेले. एकाला कामाची माहिती, दुसऱ्याकडे भांडवल उभे करण्याची ताकद. दोघांनी भागीदारी केली आणि बार्शी लाईट रेल्वेच्या मार्गाचे काम घेतले. मातीचे भराव, खडी, मजुरांच्या टोळ्या, वेळेचे बंधन : पेढीवर कंटाळणारा हा तरुण येथे मात्र दिवसरात्र उभा राहू लागला. आमच्या मते या चरित्रातील खरा क्षण हाच. पुढे आलेले वैभव सर्वांना दिसते, पण धुळीत उभे राहूनही कंटाळा येत नाही हे त्यांना प्रथम येथेच उमगले असावे. पुढे भोर घाटातील रेल्वेचे बोगदे खोदण्यापर्यंत त्यांच्या कंपनीची मजल गेली.

आवडीचे काम म्हणजे यशाची हमी, असे मात्र कोणी समजू नये. १९१९ साली नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांसह त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. ग्वाल्हेरच्या महाराजांकडून विकत घेतलेले ‘लॉयल्टी’ हे जहाज त्याच वर्षी ५ एप्रिलला मुंबईहून लंडनकडे निघाले. हा दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. जहाजाचे पुढे काय झाले हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. ते तोट्यात गेले आणि १९२३ साली मोडीत निघाले. ब्रिटिश कंपन्यांनी दर पाडून सिंदियाला जेरीस आणले आणि अखेर कंपनीला किनारी वाहतुकीपुरत्या जाचक करारावर सही करावी लागली. वालचंद यांनी तरीही हा उद्योग सोडला नाही. १९२९ पासून सुमारे दोन दशके ते कंपनीचे अध्यक्ष होते. विशाखापट्टणमला त्यांनी जहाजबांधणीचा कारखाना काढला आणि १९४८ साली ‘जलउषा’ तेथून पाण्यात उतरले. बंगळूरचा विमान कारखाना १९४० चा; युद्धकाळात सरकारने तो ताब्यात घेतला. कुर्ल्याचा मोटार कारखानाही त्यांचाच.

वेळापूरकरांना यातील जवळचे म्हणजे वालचंदनगर. अकलूजहून नीरा ओलांडून इंदापूर तालुक्यात गेले की ते गाव लागते. माळरानावर ऊस लावून १९३० च्या दशकात तेथे साखर कारखाना उभा राहिला. पुढे त्याच गावी साखर कारखान्यांची यंत्रे आणि अग्निबाणांचे भागही घडू लागले. पक्षाघातानंतर शेठजींनी १९५० मध्ये कारभार सोडला आणि ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. पोटी वारस नव्हता. उद्योग भावांनी व त्यांच्या मुलांनी सांभाळले. घराणे पेढीपासून तुटले, पण एकमेकांपासून तुटले नाही, हे आम्ही वेळापूरच्या त्या वडिलांना मुद्दाम सांगितले.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मुलाला हाक मारून त्यांनी अकलूजच्या आयटीआयचे अर्ज कधी निघतात एवढेच विचारले.