क्लेसी कमिन्स : हवा आणि इंधनाचा मेळ



कर्वेनगरात कमिन्स कॉलेज कुठे आहे, हे शाळकरी मूलसुद्धा सांगेल. मुलींसाठीचं हे इंजिनिअरिंग कॉलेज महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने १९९१ मध्ये सुरू केलं. पण हे कमिन्स कोण, असं मुलांनी विचारलं तर? चला, आज त्यांची ओळख करून घेऊया.

क्लेसी लाइल कमिन्स यांचा जन्म २७ डिसेंबर १८८८ रोजी अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. शाळा जेमतेम आठवीपर्यंत. पण यंत्रांचं वेड लहानपणापासून. पुढे ते कोलंबस गावातल्या विल्यम अर्विन या बँकमालकाकडे ड्रायव्हर आणि मेकॅनिक म्हणून लागले. अर्विन यांनी त्यांच्यातली हुशारी हेरली, भांडवल दिलं आणि १९१९ मध्ये कमिन्स इंजिन कंपनी उभी राहिली.

सुरुवात मात्र खडतर होती बरं का! शेतकऱ्यांना विकलेली पहिली इंजिनं मोठ्या संख्येने परत आली. क्लेसी खचले नाहीत. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा जोरात दाबली की ती तापते, त्या हवेत डिझेलचा फवारा सोडला की तो पेट घेतो. म्हणजे किती इंधन आणि नेमकं कधी, यावरच सारा खेळ! त्याच कोड्यावर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. १९२९ मध्ये त्यांनी एका जुन्या पॅकार्ड मोटारीत डिझेल इंजिन बसवलं. जानेवारी १९३० मध्ये तीच मोटार ७९२ मैल चालवत न्यूयॉर्कला नेली. इंधनाचा खर्च किती? फक्त १ डॉलर ३८ सेंट!

आता टर्बोकडे वळू. चुलीपुढची फुंकणी आठवा. फुंकर घातली की जाळ वाढतो. टर्बो ही इंजिनाची फुंकणी. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरतं आणि ते जास्त हवा आत कोंबतं. या वाढीव दाबाला बूस्ट म्हणतात. १९५२ च्या इंडियानापोलिस शर्यतीत कमिन्स कंपनीची टर्बो लावलेली डिझेल गाडी पात्रता फेरीत ताशी १३८ मैलांचा वेग गाठून सर्वांत पुढच्या जागी उभी राहिली. पण मुख्य शर्यतीत टर्बोच्या हवेच्या वाटेत रबराचे कण आणि कचरा अडकला. हवा कोंडली आणि २०० पैकी ७१ फेऱ्यांनंतर गाडी थांबली.

इथेच आपल्यासाठी धडा आहे. आज मोठी मुलं गॅरेजमध्ये जाऊन बूस्ट वाढवून मागतात. त्यांना सांगा, हवा वाढली तर इंधनही हिशोबाने वाढायला हवं. पेट्रोल इंजिनात हवा जास्त आणि इंधन कमी पडलं, की इंजिन ठोके देतं, पिस्टनसुद्धा वितळतो. डिझेलमध्ये इंधन जास्त आणि हवा कमी झाली, तर काळा धूर निघतो, उष्णता वाढते, टर्बो जळतो. म्हणून आधी एअर फिल्टर आणि पाइपची गळती तपासायची, दाब दाखवणारा मीटर लावायचा, मग जाणकाराकडून थोडं थोडं बदलायचं आणि प्रत्येक वेळी पाहायचं. कंपनीने ठरवलेली मर्यादा ओलांडायची नाही.

क्लेसींना वेगाइतकीच थांबण्याची किंमत ठाऊक होती. १९३१ मध्ये ते ट्रकने एक घाट उतरत असताना ब्रेक निकामी झाले. समोरच्या रुळांवरून मालगाडी जात होती. ती पुढे सरकली म्हणून ते थोडक्यात वाचले. ती भीती ते विसरले नाहीत. कंपनीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी इंजिनानेच ट्रकचा वेग कमी करणारा ब्रेक तयार केला. १९६१ पासून तो बाजारात मिळू लागला. १७ ऑगस्ट १९६८ रोजी त्यांचं निधन झालं. त्याआधीच, १९६२ मध्ये, पुण्यात किर्लोस्कर कमिन्स कंपनी स्थापन झाली होती.

वर्गात एक प्रयोग जरूर करा. मेणबत्तीवर हळूहळू काचेचा ग्लास उपडा ठेवा आणि ज्योत का विझली ते मुलांनाच सांगू द्या. हवा कमी पडली, हे त्यांनी ओळखलं की क्लेसींची गोष्ट सांगा. जोर वाढवायचा, तर मेळ सांभाळायचा, हे त्यांना आपोआप उमगेल.