भास्कराचार्य आणि दुसरे उत्तर

आपल्या बुलढाण्याला लागून असलेल्या जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळ पाटण येथे इ.स. १२०७ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्यापन व्हावे म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी तेथे मठ स्थापन केल्याचे त्यावरून कळते. ज्यांच्या विद्येसाठी मठ उभा राहिला, त्या गणितज्ञाचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ.स. १११४ मधील. सह्याद्रीजवळील विज्जडविड हे त्यांचे गाव आणि वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० साली, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग होत. पुढे उतारवयात त्यांनी ‘करणकुतूहल’ हा ग्रंथ लिहिला.

धन आणि ऋण या दोन्ही संख्यांचा वर्ग धनच येतो. म्हणून धन संख्येला दोन वर्गमुळे असतात, हे त्यांनी बीजगणितात स्पष्टपणे मांडले. त्यांचे एक उदाहरण वानरांच्या कळपाचे आहे. कळपाच्या अष्टमांशाचा वर्ग करावा, तितकी वानरे वनात खेळत आहेत आणि उरलेली बारा टेकडीवर आहेत. तर एकूण किती? समीकरण सोडविताना असे दिसते की, एकूण संख्येतून ३२ वजा करून वर्ग केल्यास २५६ येतात. मूळ धन १६ घेतले तर उत्तर ४८, ऋण १६ घेतले तर १६. दोन्ही उत्तरे पडताळून जुळतात आणि भास्कराचार्यांनी दोन्ही स्वीकारली.

दुसऱ्या उदाहरणात कळपाच्या पंचमांशातून तीन वजा करून वर्ग केल्यास गुहेत गेलेल्या वानरांची संख्या मिळते. एक वानर फांदीवर दिसते. येथे उत्तरे ५० आणि ५ अशी येतात. परंतु पाचाच्या पंचमांशातून, म्हणजे एकातून, तीन वानरे वजा कशी करावीत? म्हणून ५ हे उत्तर त्यांनी सोडून दिले.

पहिले उत्तर हाती येताच वही मिटणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी हे अवश्य ध्यानात घ्यावे. दुसरे उत्तर शोधले पाहिजे, आणि तपासल्यावाचून ते ठेवूही नये, टाकूही नये. त्या काळी ही विद्या मोजक्या घरांतच शिकविली जाई. आज आमच्या वसतिगृहातील प्रत्येक मुलामुलीच्या दहावीच्या पुस्तकात ती आहे, आणि ती पूर्णपणे आत्मसात करण्याचा त्यांना हक्क आहे.