पुरंदरचा वीर मुरारबाजी

पुण्याच्या आग्नेयेस, सासवडनजीक पुरंदरचा प्राचीन गड उभा आहे. माथ्यावर श्रीकेदारेश्वर, माचीवर श्रीपुरंदरेश्वर आणि पायथ्याशी नारायणपुरात यादवकालीन श्रीनारायणेश्वर, अशी या डोंगरावर देवाची अखंड छाया आहे. १४ मे १६५७ रोजी छत्रपती संभाजी महाराजांचा जन्म याच गडावर झाला. त्याच गडासाठी मुरारबाजी देशपांडे यांनी देह ठेविला.

मुरारबाजी मूळचे जावळीच्या चंद्रराव मोऱ्यांच्या पदरचे. इ. स. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी काबीज केली, तेव्हा ते मोऱ्यांच्या बाजूने लढले, असे सांगतात. परंतु महाराज माणसांचे खरे पारखी. या मर्दाला त्यांनी स्वराज्याच्या कार्यात घेतले आणि पुढे पुरंदरसारखा बळकट गड त्याच्या भरवशावर सोपविला.

इ. स. १६६५ च्या मार्चअखेर मिर्झाराजे जयसिंग व दिलेरखान यांच्या अफाट फौजेने पुरंदरास वेढा घातला. भैरवखिंडीपलीकडे जोडकिल्ला वज्रगड आहे. तो शत्रूच्या हाती गेला की पुरंदरची माची तोफांच्या माऱ्यात येते. मोगलांनी अपार कष्टाने तोफा डोंगरावर चढविल्या आणि एप्रिलच्या मध्यास वज्रगड पडला. पुढे माचीचे बुरूजही ढासळू लागले.

अशा बिकट प्रसंगी मुरारबाजींनी सातशे निवडक मावळे घेतले व दिलेरखानाच्या पाच हजार पठाणांवर ते तुटून पडले. सभासद बखरीत या झुंजीचे वर्णन आहे. त्यांचे शौर्य पाहून खान थक्क झाला व त्याने कौल देऊन मानसन्मानाची लालूच दाखविली. धन्याचे अन्न खाल्लेल्या मुरारबाजींनी ती झिडकारली आणि ते थेट खानावर चालून गेले. खानाच्या बाणाने त्यांचा अंत झाला. तीनशे मावळेही रणात पडले. उरलेले गडावर परतले आणि सरदार पडला म्हणून न डगमगता पुन्हा लढू लागले.

जून १६६५ मध्ये तह झाला. तेवीस किल्ले मोगलांस द्यावे लागले, त्यांत पुरंदरही गेला. ज्या गडासाठी रक्त सांडले, तोच कागदावर द्यावा लागला! तरीही ते बलिदान वाया गेले नाही. गड गेला, पण गड राखणाऱ्यांची हिंमत शाबूत राहिली. आणि अवघ्या पाच वर्षांत, इ. स. १६७० मध्ये, पुरंदरावर पुन्हा भगवा फडकला.

मुरारबाजींचा पुतळा आज गडावर उभा आहे. त्यांच्यासवे पडलेल्या तीनशे मावळ्यांची नावे मात्र कोणत्याही शिळेवर नाहीत. देवालय असो वा गड, कळस सर्वांना दिसतो. पायाचे दगड मातीत राहून भार वाहतात. त्या ज्ञात-अज्ञात वीरांस त्रिवार वंदन!