गाण्यातल्या गावाचा माणूस

मागच्या पावसाळ्यात आमच्या इंग्रजीच्या सरांनी तास संपता संपता मोबाइलवर एक गाणे ऐकवले. निम्मा वर्ग चुळबुळ करीत होता. आधी तबकडीची खरखर, मग गिटार, आणि मग एका माणसाचा अगदी हलका आवाज. शेजारच्या खाटेवर कोणी निजले आहे आणि त्याची झोप मोडू नये, अशा बेताने तो गात होता. शब्द मला फारसे कळले नाहीत. गिटार मात्र दोघे जण वाजवीत असावेत असे वाटले. सर म्हणाले की वाजवणारा एकटाच आहे, आणि हे गाणे १९२८ सालचे आहे. गाण्याचे नाव ‘अ‍ॅव्हलॉन ब्लूज’ आणि गायकाचे नाव मिसिसिपी जॉन हर्ट. त्या दिवसापासून या माणसाविषयी जे हाती लागेल ते वाचीत गेले. त्यातून हा लेख झाला.

जॉन हर्ट यांचा जन्म १८९३ च्या सुमारास अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात टिओक येथे झाला. बालपण गेले ते जवळच्याच अ‍ॅव्हलॉन या खेड्यात. एका अंगाला टेकड्या, दुसऱ्या अंगाला गाळाची सपाट जमीन आणि तीवर कापूस. गुलामगिरी कायद्याने संपून अजून तीस वर्षेही झाली नव्हती. काळी कुटुंबे जमीनदाराच्या शेतात बटईने राबत, आणि हंगाम सरला की हिशेबात बहुधा कर्जच उरे. हे वाचताना मला परके वाटले नाही. माझी आई अजून दुसऱ्याच्या शेतात वेचणीला जाते. बोंडाच्या टोकांनी तिची बोटे फाटलेली असतात. ज्या बोटांनी दिवसभर कापूस वेचला त्याच बोटांनी रात्री तार इतकी हळुवार छेडावी, याचे मला वाटते तेवढे आश्चर्य शहरातल्या वाचकाला कदाचित वाटणार नाही.

जॉनची शाळा लहानपणीच सुटली. पण गिटार मिळाली ती एका परीने शाळेमुळेच. शाळेतल्या शिक्षिकेला भेटायला एक गृहस्थ येत आणि हर्टांच्या घरी मुक्काम करीत. त्यांच्यापाशी गिटार होती, पण मुलाने तिला हात लावलेला त्यांना खपत नसे. ते झोपले की नऊ वर्षांचा जॉन गुपचूप उठे आणि ती वाजवून पाही. अखेर आईने दीड डॉलरला एक जुनी गिटार घेऊन दिली. गुरू कोणी नव्हता. कानाला जसे गोड वाटेल तसे वाजवायचे, एवढीच त्याची रीत. अंगठा खालच्या जाड तारांवर एका लयीत चालत राहतो, जणू कोणी मागे ठेका धरून बसले आहे, आणि बाकीची बोटे वरच्या तारांवर चाल वाजवतात. दोघे जण वाजवीत आहेत असा माझा समज झाला तो यामुळेच. मिसिसिपीतले इतर अनेक ब्लूज गायक आर्त, खरखरीत गळ्याने गात. हर्ट यांच्या गाण्यात खून येतात, फसवणूक येते, देवाचे नाव येते. पण आवाज कुठेही चढत नाही.

शेती, मजुरी, काही महिने रेल्वेच्या रुळांवरचे काम, आणि शनिवारी रात्री गावातल्या नाचगाण्यात गिटार, असे त्यांचे आयुष्य चालले होते. शेजारी विली नार्मर नावाचा गोरा फिडलवादक राहत असे. त्याचा नेहमीचा जोडीदार नसला की हर्ट त्याला साथ करीत. काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या; साथीला मात्र काळे बोट चालत असे! ओके कंपनीचा माणूस नार्मरच्या शोधात आला, तेव्हा त्यानेच हर्ट यांचे नाव सुचवले.

फेब्रुवारी १९२८ मध्ये मेम्फिस शहरात ध्वनिमुद्रण झाले. एका मोठ्या खोलीत हर्ट, कंपनीचा अधिकारी आणि यंत्र चालवणारा, एवढीच माणसे. मायक्रोफोन तोंडाशी ठेवून मान हलवायची नाही असे बजावले. पुढे कित्येक दिवस त्यांची मान दुखत होती. त्या वेळी मुद्रित झालेल्यांपैकी दोनच गाणी, म्हणजे एकच तबकडी, बाजारात आली. डिसेंबरात त्यांना न्यूयॉर्कला बोलावले. एवढ्या मोठ्या शहरात त्यांना गावाची आठवण येऊ लागली, आणि त्यांनी अ‍ॅव्हलॉनवर एक गाणे रचले. २१ डिसेंबर १९२८ रोजी ते मुद्रित झाले. नावामागे ‘मिसिसिपी’ लावले ते कंपनीने, विक्री वाढावी म्हणून.

विक्री वाढली नाही. १९२९ मध्ये अमेरिकेत महामंदी आली. रेकॉर्ड घेणार कोण? सारी मिळून सहा तबकड्या निघाल्या आणि तो विषय तिथेच संपला. हर्ट घरी परतले आणि नांगराला लागले.

यापुढची पस्तीस वर्षे चरित्र लिहिणारे दोन ओळींत उरकतात. मीही दुसरे काय करणार? ते शेतात होते, गुरांमागे होते, मुलाबाळांत होते.

त्या तबकड्यांचे काय झाले ते मात्र सांगण्यासारखे आहे. त्या काळच्या तबकडीत लाख असे, आणि ती लाख मुख्यतः आपल्या देशातून, छोटा नागपूरच्या जंगलांतून, जात असे. ज्या किड्याच्या लाखेपासून बांगड्या होतात त्याच लाखेवर अमेरिकेतल्या मजुरांची गाणी कोरली गेली. दुसऱ्या महायुद्धात लाखेचा तुटवडा पडला, तेव्हा जुन्या तबकड्या गोळा करून वितळवल्या गेल्या. त्यांत किती गायक गेले असतील! जे वाचले ते बव्हंशी काही छांदिष्टांमुळे. जुन्या बाजारात, लोकांच्या माळ्यांवर ते तबकड्या हुडकीत हिंडत. हॅरी स्मिथ त्यांतलाच एक. त्याने आपल्या संग्रहातून ८४ गाणी निवडली आणि १९५२ मध्ये फोकवेज कंपनीने ती सहा मोठ्या रेकॉर्डवर काढली. त्यांत हर्ट यांची दोन गाणी होती. गायक काळा की गोरा हे स्मिथने कुठेच लिहिले नव्हते, त्यामुळे ऐकणाऱ्यांपैकी कित्येकांना हर्ट गोरे वाटले. बहुतेकांनी ते वारलेच असावेत असे धरले होते.

इथे माझी एक गोष्ट सांगते. माझी आजी पहाटे ओव्या म्हणे. ती गेली तेव्हा माझ्यापाशी मोबाइल होता, आणि तिची एकही ओवी मी त्यात घेतलेली नव्हती. असो.

१९६३ मध्ये वॉशिंग्टनमधले दोन संग्राहक, डिक स्पॉट्सवूड आणि टॉम हॉस्किन्स, यांच्या हाती ‘अ‍ॅव्हलॉन ब्लूज’ आले. गायक आपले गाव अ‍ॅव्हलॉन असल्याचे गाण्यातच सांगतो. नव्या नकाशांत ते खेडे सापडेना. जुन्या नकाशात एक ठिपका मिळाला. हॉस्किन्स तिथे गेला आणि दुकानापाशी बसलेल्यांना विचारले. त्यांनी जराही विचार न करता घर दाखवले. ज्याला इतकी माणसे मेला असे समजत होती, तो गावाला रोज दिसत होता! याला ‘शोध’ म्हणावे का, हा प्रश्न मला पडतो. हरवलेले कोण होते?

हर्ट यांना आधी हा सरकारी पोलिस वाटला. गोरा माणूस दारात येऊन आपले नाव घेतो, म्हणजे चांगले काही नसणार! त्यांच्या घरात तेव्हा गिटारही नव्हती. हॉस्किन्सने आपली पुढे केली. बोटे थोडी अडखळली, पण अंगठ्याची चाल तीच होती.

त्याच वर्षी जुलैमध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात सत्तरीचा हा शेतकरी डोक्यावर हॅट घालून हजारो तरुणांसमोर बसला आणि ओसरीवर गावे तसा गायला. काँग्रेसच्या ग्रंथालयाने त्यांची गाणी मुद्रित करून घेतली. नव्या रेकॉर्ड निघाल्या. त्यांच्या पाठोपाठ १९६४ मध्ये स्किप जेम्स आणि सन हाउस हे जुने गायकही असेच सापडले.

पण शोधणाऱ्यांनी हर्ट यांच्याशी करारही करून घेतला होता. त्यांच्या रेकॉर्डच्या हक्कांचा वाद त्यांच्यामागे न्यायालयापर्यंत गेला. संग्राहकांचे उपकार मी नाकारीत नाही. त्यांच्यावाचून सरांनी आम्हांला काय ऐकवले असते? तरी बटईचा हिशेब आठवल्यावाचून राहत नाही.

हर्ट वॉशिंग्टनला काही काळ राहिले, पण शेवटी मिसिसिपीलाच परतले. २ नोव्हेंबर १९६६ रोजी ग्रेनाडा येथे ते वारले. अ‍ॅव्हलॉनजवळच्या रानात त्यांची कबर आहे. त्यांच्या लाकडी घराचे नातीने संग्रहालय केले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये आग लागून ते जळाले.