एका पदवीची चौदा वर्षे

परदेशी विद्यापीठातील प्रवेश ही आता शहरी घरांतील नित्याची चर्चा झाली आहे. प्रवेशपत्र हाती पडले की घरात पेढे वाटले जातात आणि दुसऱ्या दिवसापासून पैशांची जुळवाजुळव सुरू होते. शिष्यवृत्ती किती, किती वर्षांसाठी, तिच्या अटी कोणत्या आणि मुदत संपली तर पुढे काय, हे प्रश्न मग झोप उडवतात. सुमारे शंभर वर्षांपूर्वी हेच प्रश्न मुंबईच्या एका पदवीधराला पडले होते. त्याच्यापाशी तारण ठेवायला घर नव्हते, पाठीशी उभे राहायला धनिक नातलग नव्हते आणि ज्या समाजात तो जन्मला होता त्याला सार्वजनिक पाणवठाही खुला नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्वत्तेविषयी आपण भरभरून बोलतो. त्या विद्वत्तेचा खर्च कसा भागला, याची कहाणी मात्र फारशी सांगितली जात नाही.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव १९०७ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. वडील रामजी सकपाळ हे लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार. मुलाच्या शिक्षणासाठी त्यांनी काही कमी केले नाही, पण महाविद्यालयाचा खर्च पेन्शनच्या आवाक्याबाहेर जाऊ लागला. अशा वेळी कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकाने पुढाकार घेतला. मुलाची हुशारी हेरलेल्या केळुसकरांनी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. त्या बळावर एल्फिन्स्टन कॉलेजातून इंग्रजी आणि फारसी हे विषय घेऊन भीमराव बी. ए. झाले.

जानेवारी १९१३ मध्ये ते बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले. तोच वडील आजारी असल्याची बातमी आली आणि २ फेब्रुवारीला रामजींचे निधन झाले. घरचा आधार तुटला, त्याच वर्षी परदेशाचे दार उघडले. काही निवडक विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला पाठवण्याचे सयाजीरावांनी ठरवले होते. त्यांत भीमरावांची निवड झाली. ४ जून १९१३ रोजी करारपत्रावर सह्या झाल्या. दरमहा साडेअकरा पौंड, १५ जून १९१३ ते १४ जून १९१६ अशी तीन वर्षांची मुदत आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानाची नोकरी, अशा त्याच्या अटी होत्या. आजच्या शैक्षणिक कर्जाच्या कागदपत्रांशी परिचय असलेल्या वाचकाला हे बंधन किती मोठे होते, ते वेगळे सांगायला नको.

जुलैमध्ये भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात त्यांचा पदव्युत्तर अभ्यास सुरू झाला. मुदत मोजकी आहे, याची जाणीव त्यांच्या अभ्यासक्रमावरूनच दिसते. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम त्यांनी घेतले. मुंबईत पत्नी रमाबाई आणि मोठे कुटुंब होते. विद्यावेतनातूनच घरी पैसे पाठवायचे, तर स्वतःच्या जेवणाखाण्यात हात आखडता घेणे भाग होते. तरीही जुन्या पुस्तकांच्या दुकानांत त्यांचा हात सैल सुटे. १९१५ साली ते एम. ए. झाले. मे १९१६ मध्ये त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला आणि जूनमध्ये भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाविषयीचा पीएच. डी.चा प्रबंध सादर केला. हाच महिना शिष्यवृत्तीच्या मुदतीचा अखेरचा होता.

त्यांचा ओढा आता लंडनकडे होता. बडोद्याकडून एका वर्षाची मुदतवाढ मिळाली. ऑक्टोबर १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि ११ नोव्हेंबरला बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये त्यांनी नाव दाखल केले. प्रवेश दोन्हीकडे मिळाला. अडचण पैशांच्या मुदतीची होती. वर्ष उलटताच बडोद्याहून परतण्याचे फर्मान आले. अर्धा राहिलेला अभ्यास टाकून निघताना त्यांनी एक दक्षता मात्र घेतली. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळवून ठेवली. ही एक परवानगी पुढे फार मोलाची ठरली.

परतीचा प्रवास महायुद्धाच्या छायेतील होता. स्वतंत्र बोटीने पाठवलेले त्यांचे सामान, त्यातील पुस्तकांसह, बोट पाणतीराने (टॉर्पेडोने) बुडाल्यामुळे समुद्रात गेले. कराराप्रमाणे बडोद्याच्या नोकरीवर हजर व्हायचे, तर प्रवासखर्चालाही पैसे नव्हते. बुडालेल्या सामानाच्या नुकसानभरपाईतून ती सोय झाली.

बडोद्यात जे घडले ते सर्वश्रुत आहे. कोलंबियाच्या या पदवीधराला कार्यालयातील शिपाई कागद हातात देण्याऐवजी दुरून फेकत असत. राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत आश्रय घेतला, तर जात उघड होताच जमाव काठ्या घेऊन आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. ज्या नोकरीच्या हमीवर शिष्यवृत्ती मिळाली होती, ती नोकरी करणेच अशक्य झाले. संस्थानाधिपतीने ज्ञानाचे मोल ओळखले होते; त्याच्याच कचेरीने आणि शहराने ते ओळखले नाही. दहा वर्षांच्या कराराचा शेवट असा काही दिवसांतच झाला.

मुंबईला परतल्यावर नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात राजकीय अर्थशास्त्राच्या प्राध्यापकपदी त्यांची नेमणूक झाली. पगार दरमहा ४५० रुपये. एवढ्या मिळकतीतही कुटुंब परळच्या चाळीतील दोन खोल्यांतच राहिले, कारण लंडनची चार वर्षांची मुदत सरत चालली होती. काटकसरीने साठवलेली रक्कम, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज, या तिन्हींच्या जोरावर १९२० साली नोकरी सोडून ते पुन्हा लंडनला गेले. भथेना हे त्यांचे न्यूयॉर्कच्या दिवसांतील सोबती. पारशी धर्मशाळेतून ज्याला हाकलले, त्याच्या शिक्षणासाठी एका पारशी मित्रानेच कर्ज दिले, हा योगायोग विसरता येण्याजोगा नाही.

लंडनमधील ही वर्षे ओढगस्तीची होती. वाचनालय उघडण्यापासून बंद होईपर्यंत बैठक आणि पोटाला बेताचे अन्न, असा क्रम चालला. जून १९२१ मध्ये ते एम. एस्सी. झाले. जून १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले. जर्मनीतील बॉन विद्यापीठातही त्यांनी प्रवेश घेतला होता, पण तो अभ्यास पुढे जाऊ शकला नाही. रुपयाच्या प्रश्नावरील डी. एस्सी.चा प्रबंध ऑक्टोबर १९२२ मध्ये सादर झाला. ब्रिटिश चलनधोरणावर त्यात कठोर टीका होती. परीक्षकांनी काही भाग नव्याने लिहिण्यास सांगितले, तोवर हातचे पैसे संपले. एप्रिल १९२३ मध्ये मुंबईला परतून त्यांनी प्रबंधाची दुरुस्ती केली आणि तो लंडनला पाठवला. नोव्हेंबरमध्ये डी. एस्सी. मिळाली. वकिलीची सनद काढण्यापुरतेही पैसे तेव्हा खिशात नव्हते. पुन्हा भथेनाच मदतीला आले.

कोलंबियाची पीएच. डी. मात्र अजून बाकी होती. प्रबंध छापून त्याच्या ठरावीक प्रती विद्यापीठात दाखल झाल्याशिवाय पदवी द्यायची नाही, असा तेथील नियम होता. ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीविषयीचा त्यांचा ग्रंथ १९२५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याला त्यांचे गुरू प्राध्यापक सेलिग्मन यांची प्रस्तावना लाभली. पदवीवर शिक्कामोर्तब झाले ते ८ जून १९२७ रोजी. १९१३ साली कोलंबियात पाऊल ठेवल्यापासून या क्षणापर्यंत चौदा वर्षे लोटली होती. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह त्याच वर्षीच्या मार्चमध्ये झाला होता.

या प्रवासात जे साहाय्य मिळाले, ते कोणाच्या तरी सहृदयतेतून मिळाले. केळुसकर भेटले म्हणून सयाजीराव भेटले; भथेना भेटले म्हणून लंडन पुरे झाले. असे कोणी भेटलेच नाही तर काय, हा प्रश्न बाबासाहेबांनी स्वतःपुरता ठेवला नाही. १९२५ साली त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. १९४२ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि त्याच वर्षी त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन सरकारला दिले. उच्च व परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्त्यांची मागणी त्यात ठळक होती. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची केंद्रीय योजना १९४४ साली सुरू झाली. पुढे पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभारले.

एका महाराजाच्या मर्जीने जे एका विद्यार्थ्याला मिळाले होते, ते सरकारी तरतूद म्हणून हजारोंना मिळावे, ही त्यामागची दृष्टी होती. मर्जी फिरू शकते, मुदत संपू शकते, दिवाण बदलू शकतो. कायद्याने आणि अंदाजपत्रकाने बांधलेली मदत मागताना विद्यार्थ्याला मान खाली घालावी लागत नाही. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे निर्वाण झाले. महाराष्ट्र शासनाच्या ज्या योजनेतून अनुसूचित जातींचे विद्यार्थी परदेशी विद्यापीठांत जातात, तिला राजर्षी शाहू महाराजांचे नाव आहे. लंडनचे अर्धे राहिलेले शिक्षण पुरे व्हावे म्हणून १९२० साली ज्यांनी हात पुढे केला, त्यांचेच हे नाव.